वेबसाइटची पाने आधीच तयार करण्याचे काम: यात करिअर आहे का?

सन्माननीय महोदय,

सप्रेम नमस्कार. मानेवाड्याहून आलेले आपले पत्र मी दोनदा वाचले. आपली मुलगी बीसीएच्या शेवटच्या वर्षाला आहे. काटोल परिसरातील संत्रा उत्पादकांसाठी निघणाऱ्या एका छोट्या मासिकाची वर्डप्रेस या वेबसाइट चालवण्याच्या सॉफ्टवेअरवरील वेबसाइट तिने तीन महिने खपून बदलून दिली आणि आता तिथले लेख ‘स्टॅटिक’, म्हणजे आधीच तयार करून ठेवलेल्या, पानांच्या रूपात वाचकांना मिळतात. ‘वेबसाइट तर आता मोबाइलवरही कोणी बनवतो, यात पुढे काय?’ असे नातेवाईक म्हणतात. त्यामुळे हे काम थांबवून तिला एमसीएच्या सीईटीच्या अभ्यासाला बसवावे का, असे आपण विचारले आहे.

उत्तर देण्याआधी तिने नेमके काय केले ते सांगणे मला आवश्यक वाटते, कारण पत्रात आपण त्या कामाला ‘पाने बनवणे’ म्हटले आहे आणि तो शब्द त्या कामाला अपुरा आहे. वर्डप्रेसमध्ये लेखाचा मजकूर डेटाबेसमध्ये असतो. वाचकाने लिंक उघडली की सर्व्हरवर पीएचपीचा प्रोग्राम चालतो, मायएसक्यूएल या डेटाबेसमधून मजकूर काढतो, तो साच्यात बसवतो आणि पान पाठवतो. कॅशिंगची, म्हणजे एकदा बनलेले पान काही काळ साठवून ठेवण्याची, सोय नसेल तर शंभर वाचकांसाठी हे सारे शंभर वेळा होते. ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये आंबिया बहाराची फळगळ सुरू झाली की त्यावरचा लेख व्हॉट्सॲप गटांवर फिरायचा आणि वेबसाइट नेमकी त्याच दिवसांत बंद पडायची, असे आपणच लिहिले आहे. तिने हे काम वाचक येण्याच्या क्षणावरून लेख प्रसिद्ध होण्याच्या क्षणावर नेले. संपादक पूर्वीसारखेच वर्डप्रेसमध्ये लिहितात. मात्र ‘प्रसिद्ध करा’ म्हटल्यावर पाने एकदाच तयार होतात आणि साध्या एचटीएमएल फाइली म्हणून सर्व्हरवर जातात. वर्डप्रेस लोकांपुढे उघडे राहत नाही, त्यामुळे हॅकिंगचा धोकाही पुष्कळ कमी होतो.

ही कल्पना नवी नाही, आणि माझ्या मते हीच आपल्यासाठी दिलासा देणारी गोष्ट आहे. २००१ साली आलेले मूव्हेबल टाइप हे ब्लॉगचे सॉफ्टवेअर अशाच प्रकारे पाने आधी तयार करून ठेवत असे, पण लेख वाढले की साऱ्या पानांची पुनर्बांधणी व्हायला फार वेळ लागे. २००३ मध्ये आलेल्या वर्डप्रेसने पान मागणीच्या वेळी बनवण्याचा मार्ग धरला. मग २००८ मध्ये जेकिल आणि २०१३ मध्ये ह्यूगो ही पाने आधीच तयार करणारी साधने आली आणि तयार पानांची पद्धत पुन्हा रुळली. साधनांची नावे बदलत गेली. कोणते काम केव्हा करून ठेवायचे हा प्रश्न मात्र कायम राहिला आणि त्याचा विचार करता येणारा माणूस उद्या आणखी नवे साधन आले तरी अडत नाही.

या कामातील खरी अडचण पहिल्यांदा पाने तयार करण्यात नसून ती पुढे सांभाळण्यात असते. एक लेख प्रसिद्ध झाला की मुखपृष्ठ, विषयाचे पान, लेखकाचे पान, महिन्याचा संग्रह, साइटमॅप (सर्च इंजिनांसाठीची पानांची यादी) आणि शेजारच्या लेखांवरील ‘मागील-पुढील’ दुवे हे सगळे बदलते. यातील नेमके काय पुन्हा तयार करायचे हे ठरवावे लागते. लेख काढून टाकला तरी त्याची जुनी फाइल सर्व्हरवर तशीच राहू शकते आणि औषधाचे चुकीचे प्रमाण सांगणारा, मागे घेतलेला लेख शेतकरी वाचत राहतो. उद्या सकाळसाठी वेळ लावून ठेवलेला लेख त्या वेळी पुन्हा बिल्ड, म्हणजे पाने तयार करण्याची प्रक्रिया, चालल्याखेरीज दिसतच नाही. शोध आणि वर्गणीचा अर्ज यांची सोय वेगळी करावी लागते.

मराठीत आणखी एक अडचण येते, जी इंग्रजी पाठ्यपुस्तकांत सहसा सापडत नाही. यूटीएफ-८ या संगणकावर अक्षरे साठवण्याच्या पद्धतीत देवनागरीचे प्रत्येक चिन्ह ३ बाइट घेते आणि यूआरएलमध्ये, म्हणजे लिंकच्या पत्त्यात, प्रत्येक बाइट टक्केचिन्हासह ३ अक्षरांत लिहिला जातो. ‘संत्रा’ या शब्दात अनुस्वार, हलन्त आणि काना धरून ६ चिन्हे आहेत, म्हणजे यूआरएलमध्ये ती ५४ अक्षरे होतात. मथळ्यावरून बनणारे लेखाचे यूआरएलमधील नाव वर्डप्रेस २०० अक्षरांतच बसवते, म्हणजे मराठीची जेमतेम २२ चिन्हे, आणि लांब मथळा मध्येच तुटतो. पाने नव्या ठिकाणी नेताना ही तुटकी नावे जशीच्या तशी जपली नाहीत, तर गटांवर वर्षानुवर्षे फिरणाऱ्या जुन्या लिंक मरतात. आपल्या मुलीने हे जपले असेल, तर कोणत्याही मुलाखतीत तिने हेच आधी सांगावे.

आता निर्णयाविषयी. ‘स्टॅटिक साइट’ या नावाने नागपुरात नोकरी शोधू नका. हे काम वेब डेव्हलपर, फ्रंटएंड (वाचकाला दिसणारा भाग बनवणे) किंवा डेव्हऑप्स (सॉफ्टवेअर सर्व्हरवर नेऊन चालू ठेवणे) या पदांच्या पोटात असते आणि त्यासाठी डेटाबेस, नेटवर्क व गिट (कोडमधील बदलांची नोंद ठेवणारे साधन) यांचा पाया लागतो. म्हणून घरची परिस्थिती अनुकूल असेल तर तिने सीईटी जरूर द्यावी. दोन वर्षांच्या एमसीएत हा पाया पक्का होईल आणि मोठ्या कंपन्यांच्या भरतीत पदवीची अट आडवी येणार नाही. मात्र मासिकाचे काम सोडायला लावू नका. अभ्यासासोबत आठवड्याला तीन-चार तास त्याला पुरतात आणि खऱ्या वाचकांची वेबसाइट सांभाळल्याचा पुरावा गुणपत्रिका देऊ शकत नाही. मासिकाशी बोलून देखभालीचे मानधन लेखी ठरवावे, कारण तीन महिने तिने विनामोबदला काम केले असे आपल्या पत्रावरून दिसते आणि ते पुढे तसेच चालू राहणे मला रास्त वाटत नाही.

शिवाय संपूर्ण प्रक्रिया तिने मराठीत लिहून काढावी: काय केव्हा तयार होते, बिल्ड बिघडले तर काय करायचे, लेख मागे कसा घ्यायचा. परीक्षेच्या दिवसांत ती उपलब्ध नसताना संपादकांना त्या टिपणावरून एखादा लेख मागे घेता आला पाहिजे. सीईटीचा अर्ज भरण्यापूर्वी एवढे टिपण तिच्याकडून पूर्ण करून घ्यावे आणि शक्य झाल्यास भेटीला येताना सोबत आणावे.

आपला,
करिअर मार्गदर्शक, नागपूर