वाचकांचे प्रश्न : विस्कटलेल्या वाक्यांचा क्रम

स्पर्धा परीक्षांच्या इंग्रजी विभागात विस्कटलेली वाक्ये योग्य क्रमाने लावण्याचा जो प्रश्न असतो, त्याविषयी जळगाव, धुळे आणि नंदुरबार या तिन्ही जिल्ह्यांतून पत्रे आली आहेत. विषय एकच असला तरी प्रत्येकाची अडचण निराळी असल्यामुळे त्यांतील चार पत्रांना येथे उत्तरे दिली आहेत.

प्रश्न : मी विज्ञान शाखेचा पदवीधर असून माझे शालेय शिक्षण मराठी माध्यमातून झाले आहे. सध्या मी कर्मचारी निवड आयोगाच्या सीजीएल (केंद्र सरकारच्या पदवीधर-पातळीवरील भरतीच्या) परीक्षेची तयारी करत आहे. चारही वाक्यांचा अर्थ मला लागतो, परंतु क्रम लावताना शेवटी दोन पर्याय उरतात आणि मी निवडलेला पर्याय बहुतेक वेळा चुकतो. माझे इंग्रजी कच्चे आहे असे समजावे का? (एक वाचक, चोपडा)

उत्तर : प्रत्येक वाक्याचा अर्थ लागत असेल तर दोष इंग्रजीचा नाही, वाचण्याच्या पद्धतीचा आहे. आपण बहुधा चारही वाक्ये वाचून मनात एक हकीकत रचता आणि तिच्याशी जुळणारा क्रम पर्यायांत शोधता. प्रश्न काढणाऱ्याला हे ठाऊक असते. अर्थाच्या अंगाने चालून जाईल असा एक चुकीचा क्रम तो मुद्दाम पर्यायांत ठेवतो. वाक्यांतल्या लहान खुणा तपासल्या तरच तो क्रम टिकत नाही हे कळते.

म्हणून संपूर्ण क्रमाच्या मागे न लागता आधी एक खात्रीची जोडी शोधावी, म्हणजे अमुक वाक्यानंतर तमुकच वाक्य येईल हे कारणासह सांगता येईल अशी दोन वाक्ये. चार वाक्यांचे २४ क्रम होऊ शकतात. एक जोडी पक्की झाली की ६ उरतात आणि दुसरी स्वतंत्र जोडी सापडली की फक्त २. पर्याय तर चारच दिलेले असतात, त्यामुळे पुष्कळदा एका जोडीवरच उत्तर निघते. पहिले वाक्य कोणते याचा विचार जोडीनंतर करावा, कारण सुरुवातीचे वाक्य म्हणून शोभतील अशी दोन वाक्ये अनेकदा ठेवलेली असतात.

हे कौशल्य पुष्कळसे भाषानिरपेक्ष आहे, म्हणून एक उदाहरण मराठीतच देतो.

(क) त्यांपैकी पश्चिमेकडील जिल्ह्याचे १९९८ साली पुन्हा विभाजन होऊन नंदुरबार हा नवा जिल्हा अस्तित्वात आला.
(ख) ब्रिटिश राजवटीत खानदेश हा एकच विस्तीर्ण जिल्हा होता आणि त्याचे मुख्यालय धुळे येथे होते.
(ग) राज्यनिर्मितीच्या सुमारास ही दिशादर्शक नावे जाऊन जळगाव आणि धुळे ही नावे आली.
(घ) १९०६ साली त्याचे पूर्व खानदेश आणि पश्चिम खानदेश असे दोन जिल्हे करण्यात आले.

आपल्या भागाचा इतिहास माहीत असलेला वाचक सनावळीवरून ख, घ, ग, क हा क्रम लगेच सांगेल आणि तो बरोबरही आहे, परंतु परीक्षेतला उतारा बहुधा अनोळखी विषयावरचा असतो. तेव्हा ज्ञान बाजूला ठेवून खुणा पाहू. ‘ही दिशादर्शक नावे’ असे म्हणायचे तर ती नावे आधी येऊन गेलेली हवीत, आणि ती फक्त ‘घ’मध्ये आहेत. ‘घ’नंतर लगेच ‘क’ ठेवून पाहिले तर ‘त्यांपैकी’ हा शब्द खटकत नाही, उलट चांगला बसतो. आपला जो दुसरा पर्याय उरतो तो नेमका असाच असतो. पण मग ‘ग’ शेवटी जातो आणि ‘ही नावे’ या शब्दांच्या तोंडाशी नंदुरबार येऊन उभे राहते, जे नाव दिशादर्शक नाही. म्हणजे ‘घ-ग’ ही जोडी अटळ आहे आणि ‘क’ तिच्या मागे जातो. दोन पर्याय उरले की असेच करावे : जे वाक्य दोन्ही ठिकाणी बसते त्याचा विचार सोडून, ज्याला एकच जागा आहे ते वाक्य हेरावे.

इंग्रजीत या खुणा थोड्या वेगळ्या असतात आणि मराठी माध्यमाच्या विद्यार्थ्याच्या नजरेतून पहिली निसटते ती ‘अ’ आणि ‘द’ यांची, कारण आपल्या भाषेत उपपदे नाहीत आणि वाचताना आपण ती गिळून टाकतो. एखाद्या वाक्यात ‘अ कमिटी’ आणि दुसऱ्यात ‘द कमिटी’ असेल तर पहिले आधी येणार, कारण समितीची ओळख तेथे होते. ‘द सन’ किंवा ‘द गव्हर्न्मेंट’ यांना मात्र ओळखीची गरज नसते, त्यामुळे ‘द’ दिसला म्हणजे ते वाक्य पहिले नव्हेच, असा सरसकट नियम करू नये. ‘दिस’, ‘दीज’ किंवा ‘सच’ यांच्या पुढे नाम आले की ती सर्वांत भरवशाची खूण समजावी. ‘सच मेझर्स’ असे लिहिलेले असेल तर उपाययोजना सांगणारे वाक्य त्याच्या अगदी आधी असते. व्यक्तीचे पूर्ण नाव आधी आणि नुसते आडनाव नंतर, संस्थेचे विस्तृत नाव आधी आणि आद्याक्षरे नंतर, हेही बहुतेक उताऱ्यांत पाळलेले असते.

‘हाउएव्हर’, ‘देअरफोर’, ‘मोरओव्हर’ या शब्दांवर विद्यार्थ्यांचा फार विश्वास असतो, माझा तितका नाही. ‘हाउएव्हर’ने आधीच्या वाक्याला विरोध आहे एवढेच कळते. तो कोणत्या वाक्याला आहे, हे पुन्हा अर्थावरूनच ठरवावे लागते. काळाच्या खुणेबाबतही सावध राहावे, कारण ‘हॅड गॉन’, ‘हॅड सीन’ अशी पूर्ण भूतकाळातली क्रिया घटनेच्या दृष्टीने आधीची असली तरी तिचे वाक्य उताऱ्यात नंतर येऊ शकते.

प्रश्न : सीडीएसच्या, म्हणजे सैन्यदलांतील अधिकारी भरतीच्या, परीक्षेत एकाच वाक्याचे चार तुकडे करून ते जुळवायला देतात. परिच्छेदाचे प्रश्न मला जमतात, पण हे तुकडे जमत नाहीत. असे का होत असावे? (एक विद्यार्थिनी, शहादा)

उत्तर : कारण येथे आपली मराठी आड येते. पुढील तुकडे पाहावेत : (पी) हू लिव्ह्ज निअर द रिव्हर, (क्यू) सेल्स हिज बनानाज, (आर) द फार्मर, (एस) टू अ ट्रेडर फ्रॉम रावेर. आपण मनात म्हणतो, नदीजवळ राहणारा शेतकरी रावेरच्या व्यापाऱ्याला आपली केळी विकतो, म्हणजे पी, आर, एस, क्यू. इंग्रजीचा क्रम आहे आर, पी, क्यू, एस. मराठीत विशेषण-वाक्य नामाच्या आधी येते, इंग्रजीत ते नामाला मागून चिकटते. मराठीत क्रियापद शेवटी असते, इंग्रजीत ते कर्त्यानंतर येते आणि कर्म त्याच्या पुढे.

तेव्हा तुकडे हाती आले की आधी मुख्य क्रियापद कोणत्या तुकड्यात आहे ते पाहावे आणि त्याचा कर्ता शोधावा. ‘हू’, ‘व्हिच’, ‘दॅट’ने सुरू होणारा तुकडा ज्या नामाविषयी बोलतो त्याच्या लगेच नंतर ठेवावा. तुकड्याचा शेवट ‘टू’ किंवा ‘ऑफ’ने होत असेल तर पुढच्या तुकड्याची सुरुवात पाहिली की काम होते. अर्थाचा विचार येथे सर्वांत शेवटी करावा, परिच्छेदाच्या प्रश्नापेक्षाही उशिरा.

प्रश्न : माझी मुलगी रोज बाजारातल्या पुस्तकांतून असे पुष्कळ प्रश्न सोडवते, परंतु गुण वाढत नाहीत. तिला पुण्याला क्लाससाठी पाठवावे का? मला स्वतःला इंग्रजी येत नाही. (एक पालक, धुळे)

उत्तर : केवळ या प्रश्नप्रकारासाठी पुण्याचा खर्च करू नये असे माझे स्पष्ट मत आहे. पुष्कळ प्रश्न सोडवून उत्तरसूची पाहणे हा सराव नव्हे. चुकलेल्या प्रश्नाचा बरोबर क्रम वहीत उतरवून, पहिल्या वाक्यानंतर दुसरे का आणि दुसऱ्यानंतर तिसरे का, याचे कारण प्रत्येक सांध्यापाशी तिने मराठीत एका ओळीत लिहावे. बरोबर आलेल्या प्रश्नांचेही असेच करावे, कारण त्यांतले काही अंदाजाने बरोबर आलेले असतात. ज्या सांध्याचे कारण लिहिताच येत नाही तेथे तिचे खरे अडते, किंवा प्रश्नच सदोष असतो. बाजारातल्या अनेक संचांत दोन उत्तरे बरोबर ठरतील असे प्रश्न असतात आणि त्यांच्या नादाने विद्यार्थी स्वतःवरचा विश्वास गमावतो. संघ लोकसेवा आयोगाच्या संकेतस्थळावर सीडीएसच्या मागील प्रश्नपत्रिका विनामूल्य मिळतात, त्या आधी सोडवाव्यात. तेथे सहा वाक्यांपैकी पहिले आणि शेवटचे दिलेले असते आणि मधली चार लावायची असतात, त्यामुळे नवशिक्याला दोन्ही टोकांचा आधार मिळतो.

एक काम आपणही करू शकता. एनसीईआरटीची (राष्ट्रीय शैक्षणिक संशोधन आणि प्रशिक्षण परिषदेची) नववी-दहावीची सामाजिक शास्त्रांची इंग्रजी पुस्तके संकेतस्थळावरून उतरवून घेता येतात. मुलीने एकदम पाच-सहा परिच्छेदांची वाक्ये वेगवेगळ्या चिठ्ठ्यांवर लिहावीत, पाठीमागे परिच्छेदाचा आणि वाक्याचा क्रमांक टाकावा आणि प्रत्येक परिच्छेदाची पुडी आपल्याकडे द्यावी. आपण चिठ्ठ्या पिसून आठवडाभराने कोणतीही एक पुडी तिच्यासमोर ठेवावी. यासाठी इंग्रजी येण्याची आवश्यकता नाही, आणि तोवर तिला मूळ परिच्छेद आठवत नसल्यामुळे क्रम खुणांवरूनच लावावा लागतो. परिच्छेद निवडताना संवाद आणि याद्या टाळाव्यात, एखादी घटना का घडली ते सांगणारे घ्यावेत. तिने लावलेला क्रम पुस्तकापेक्षा निराळा असूनही वाचायला नीट वाटत असेल तर तो चुकीचा म्हणून सोडून देऊ नये. पुस्तकातल्या क्रमाने कोणता शब्द अधिक चांगला बसतो ते पाहावे, आणि तसा शब्द एकही नसेल तर तो परिच्छेद या कामाचा नव्हता.

प्रश्न : मी रोज भुसावळ ते जळगाव रेल्वेने जाऊन खासगी नोकरी करतो आणि बँकेच्या परीक्षांची तयारी करतो. या प्रश्नाला किती वेळ द्यावा, आणि खात्री नसेल तर उत्तर सोडून द्यावे का? (एक वाचक, भुसावळ)

उत्तर : आयबीपीएस या बँकभरती करणाऱ्या संस्थेच्या पीओ (बँक अधिकारी) पूर्वपरीक्षेत इंग्रजीच्या ३० प्रश्नांना २० मिनिटे स्वतंत्र मिळतात, म्हणजे सरासरी एका प्रश्नाला ४० सेकंद. पाच-सहा वाक्यांचा एक संच देऊन पहिले कोणते, तिसरे कोणते असे प्रश्न त्यावर विचारले असतील, तर संच वाचायलाच दीड मिनिट जाते, पण ते प्रश्न सर्व मिळून धरल्यास हा वेळ जास्त नाही. मात्र एक सांधा चुकला की दोन-तीन उत्तरे एकदम जातात. म्हणून असा संच रिकाम्या जागा आणि चुका शोधण्याचे प्रश्न आटोपल्यावर घ्यावा. पहिली एक-दोन वाचने होऊनही एकही जोडी पक्की झाली नाही तर तो संच सोडून पुढे जावे.

उत्तर लिहावे की नाही हे गणिताने ठरवता येते. बँकेच्या परीक्षेत पाच पर्याय आणि चुकीला पाव गुण कापला जातो, म्हणजे डोळे मिटून उत्तर दिले तर सरासरीने लाभही नाही आणि तोटाही नाही. पण दोन पर्यायांपर्यंत पोचला असाल तर उत्तर अवश्य द्यावे. सीडीएसमध्ये चार पर्याय आणि एक-तृतीयांश कपात आहे, तेथेही हेच लागू पडते. सीजीएलच्या पहिल्या टप्प्यात प्रत्येक प्रश्नाला २ गुण आणि चुकीला ०.५० कपात असल्यामुळे चोपड्याच्या वाचकाने उरलेल्या दोन पर्यायांपैकी एक निवडणे थांबवू नये. रेल्वेच्या प्रवासात चिठ्ठ्या मांडता येणार नाहीत, तेथे वर्तमानपत्रातला एक इंग्रजी परिच्छेद घेऊन त्यातल्या ‘दिस’, ‘सच’, ‘इट’, ‘दे’ या शब्दांखाली पेन्सिलने रेघ ओढावी आणि प्रत्येक शब्द मागच्या कोणत्या शब्दाकडे बोट दाखवतो तेथपर्यंत बाण काढावा. डब्यात बसायला जागा मिळाली नाही तर हेच काम भ्रमणध्वनीवर नुसत्या नजरेने करता येते.