डाळिंब बागेतली औषधी तणं: काय ठेवायचं, काय काढायचं

प्रश्न (ता. सांगोला): पावसानंतर डाळिंबात लव्हाळा, घोळ, दगडी पाला फार माजलाय. दुकानदार ग्लायफोसेट हे तणनाशक मारा म्हणतो. सासूबाई म्हणतात, ही औषधी झाडं आहेत, मारू नका. काय करू?

उत्तर: ताई, सासूबाईंचं खोटं नाही. खुरप्यानं बोट कापलं की दगडी पाला चोळून लावतच आपण मोठे झालो. पण तेव्हा त्या पाल्यावर विषाचा थेंब नसायचा. आता तेल्या रोग, फुलकिडे यांच्यासाठी बागेत सारख्या फवारण्या होतात आणि ते औषध झाडाखालच्या तणावरही गळतं. म्हणून फवारलेल्या बागेतलं तण भाजीला, काढ्याला, जखमेला अजिबात वापरू नका. कापलं तर साबणानं धुवा आणि दवाखान्यात जाऊन धनुर्वाताचं इंजेक्शन घ्या.

घोळीची भाजी हवी तर परसात एक वाफा राखा. खुडताना दांडी मोडून बघा. घोळीची दांडी तांबूस, रसरशीत. आतून नुसतं पाणी येतं. पांढरा चीक आला तर ती दुधी, टाकून द्या. घरात कुणाला मुतखडा असेल तर त्यांना घोळ वाढू नका, तिच्यात ऑक्सलेट भरपूर असतं.

लव्हाळ्याचे लाड मात्र नकोत. त्याच्या गाठी म्हणजेच काष्ठौषधीच्या दुकानातला नागरमोथा, हे खरं. पण नुसतं खुरपलं की वरची पात तुटते आणि जमिनीतल्या माळेतली पुढची गाठ फुटते. झाडाची मुळं सांभाळून, दर पंधरा-वीस दिवसांनी कुदळीनं गाठीसकट उपसा. उपसलेला ढीग बांधावर टाकू नका, तिथं पुन्हा रुजतो. खडकावर पसरून कडक वाळवा. पडीक रान एप्रिल-मेमध्ये खोल नांगरून तापू द्या, आपल्या सोलापूरच्या उन्हात वर आलेल्या गाठी सुकून जातात. ग्लायफोसेट आणू नका, त्याच्या लेबलवरच्या पिकांत डाळिंब नाही.

बांधावर गाजर गवत असेल तर फुलायच्या आत, हातमोजे घालून, मुळासकट उपटा. अंगाला खाज सुटते, दमाही उठतो. त्याची पानं खाणारे, पांढुरक्या पाठीवर काळ्या नागमोडी रेघांचे भुंगे दिसले तर मारू नका. ते मेक्सिकन भुंगे, याच गवतासाठी 1984 साली आपल्या देशात आणलेले.

एखादं झाड ओळखू येत नसेल तर मूळ, फूल, पान सगळं ओल्या कागदात गुंडाळून सहाय्यक कृषी अधिकाऱ्यांकडे (पूर्वीचे कृषी सहायक) द्या. नुसत्या पानावरून आम्हीही फसतो.