गोड पण ताजा परफ्यूम दुकानात एक आणि घरी वेगळाच का वाटतो?

सोलापूरच्या नवी पेठेतल्या दुकानात मनगटावर मारला तेव्हा लिंबासारखा ताजा, घरी पोचेपर्यंत नुसता व्हॅनिला, अशी तुमची तक्रार आहे. दुकानदाराने फसवलेलं नाही, परफ्यूम असाच उलगडतो.

लिंबू, संत्रं यांच्या सालीतल्या तेलाचे रेणू हलके, त्यामुळे ते आधी उडतात. साधारण 10-15 मिनिटांत खेळ खलास. संत्रं सोलताना नाकात जाणारा तो बारीक तुषार आठवा, तसंच. मग मोगरा, गुलाब वर येतात आणि दोन-तीन तास रेंगाळतात. व्हॅनिला, चंदन, कस्तुरी ही जड मंडळी. ती त्वचेला चिकटून शेवटपर्यंत बसतात.

त्यात आपलं सोलापूर! मे महिन्यात पारा 40 च्या वर. तापलेल्या त्वचेवरून ताजेपणा आणखी लवकर पळतो आणि उरलेला गोडवा दुपारी डोक्यात जातो. मी एकदा असाच भरपूर मारून लग्नाला गेलो, तर पंगतीत शेजारच्या काकू म्हणाल्या, "केक पण ठेवलाय का रे जेवणात?"

म्हणून कागदाच्या पट्टीवर वास घेऊन ठरवू नका. मनगटावर एकच फवारा मारा, घासू नका, बाजारात तासभर फिरा आणि मग हुंगा. तेव्हाही आवडला तरच पैसे काढा. त्वचा कोरडी असेल तर आधी बिनवासाचं मॉइश्चरायझर लावा, वास जास्त टिकतो. उन्हाळ्यात दोनच फवारे, तेही सकाळी अंघोळीनंतर.