३१ डिसेंबरची ते देऊम

कॅथलिक चर्चची पूर्ण इंडल्जन्स (क्षमा झालेल्या पापांच्या उरलेल्या शिक्षेची माफी) हवी असेल तर ‘ते देऊम’ ही देवाचे आभार मानणारी लॅटिन स्तुती ३१ डिसेंबरलाच, चर्चमध्ये सर्वांसोबत म्हणा. घरी एकट्याने म्हटल्यास अंशतःच मिळते. मध्यरात्रीच्या मिस्सानंतर (चर्चमधील मुख्य उपासनेनंतर) ठेवली की तारीख उलटते. आयोजक नेमके हेच विसरतात. स्तुतीतल्या ‘ते एर्गो क्वेसुमुस’ या ओळीला गुडघे टेकायचे, संपली की उठायचे.

बाकीच्या अटी अशा: पापनिवेदन (धर्मगुरूपुढे पापांची कबुली) आधी किंवा नंतर साधारण २० दिवसांत चालते, पण कम्युनियन (मिस्सातील पवित्र भाकर घेणे) आणि पोपच्या हेतूंसाठी प्रार्थना शक्यतो त्याच दिवशी. एक ‘हे आमच्या बापा’, एक ‘नमो मारिया’ पुरे. खरी अवघड अट वेगळीच: लहानशा पापाचीही ओढ नको.

१ जानेवारीला अशीच इंडल्जन्स ‘वेनी क्रेआतोर’ या पवित्र आत्म्याला बोलावणाऱ्या लॅटिन प्रार्थनेने मिळते, तीही सर्वांसोबत. पापनिवेदन तेच चालेल, कम्युनियन आणि प्रार्थना मात्र नव्याने. पहिले कडवे गुडघ्यांवर, बाकीची उभ्याने.