जलरंग शिकायला सुरुवात करतोय. २४ रंगांचा संच घेऊ का?

नका घेऊ. तेच पैसे चांगल्या प्रतीच्या सहा सुट्या ट्यूबवर घाला: लेमन यलो, यलो ऑकर (मातकट पिवळा), गुलाबी क्विनाक्रिडोन, अल्ट्रामरीन ब्लू, थॅलो ब्लू आणि बर्न्ट सिएना (तांबूस तपकिरी). नवख्यांना मी हेच सहा सुचवतो.

यात हिरवा, काळा, पांढरा मुद्दामच ठेवलेला नाही. संचातला तयार हिरवा सगळीकडे लावला की चित्रातली सगळी झाडं एकाच जातीची दिसायला लागतात. त्याऐवजी लेमन यलोत थॅलो मिसळा, भाताच्या कोवळ्या रोपांचा हिरवा मिळेल. थॅलो फार जोरकस असतो, म्हणून पिवळ्यात निळा घालायचा, तोही ब्रशच्या टोकावर येईल तेवढाच. ऑकर आणि अल्ट्रामरीनचा हिरवा धुरकट येतो, लांबच्या डोंगराला शोभतो. कुठल्याही हिरव्यात चिमूटभर बर्न्ट सिएना घातला की तो जून पानाचा होतो.

माझी सर्वात आवडती जोडी अल्ट्रामरीन आणि बर्न्ट सिएनाची. भरपूर पाण्यात अर्धवट मिसळून ओल्या कागदावर सोडा. अल्ट्रामरीनचे कण कागदाच्या खळग्यांत बसतात, तपकिरी झाक कडेने वेगळी दिसते, आणि आषाढातलं आभाळ तयार होतं. पाणी कमी ठेवलं तर हीच जोडी जवळजवळ काळी होते. पांढऱ्यासाठी कागद कोरा सोडायचा.

ट्यूब घेताना नावापेक्षा मागचा रंगद्रव्याचा क्रमांक वाचा. गुलाबी क्विनाक्रिडोनला प्रत्येक कंपनी वेगळं नाव देते, पण पीव्ही १९ दिसला आणि रंग गुलाबी असला की डोळे झाकून घ्या. अल्ट्रामरीन म्हणजे पीबी २९, थॅलो पीबी १५. एकाच ट्यूबवर तीन-तीन क्रमांक असतील तर ती टाळा, असे रंग मिसळताना लवकर मळतात. पीआर ८३, म्हणजे जुना अलिझारिन क्रिमसन, उजेडात फिका पडतो, चित्र भिंतीवर लावायचं असेल तर तो नकोच.

कागदावर मात्र काटकसर करू नका. साध्या ड्रॉइंग बुकचा कागद पाण्याने फुगतो आणि दोष रंगाला जातो. ३०० जीएसएमचा, म्हणजे चौरस मीटरला ३०० ग्रॅम वजनाचा जाड कागद घ्या, मोठा ताव आणून कापलात तर स्वस्त पडतो.

पहिल्या आठवड्यात चित्र काढायची घाई नको. सहा रंगांच्या पंधरा जोड्या होतात. प्रत्येक जोडीचा पट्टा एका रंगाकडून दुसऱ्याकडे सरकत ओढा, शेजारी पेन्सिलने नावं लिहा आणि वाळल्यावर पुन्हा बघा, कारण जलरंग वाळला की फिका होतो.