कूलरच्या मोटरचे वॅट ओहमवरून का निघत नाहीत

प्रश्न थोडक्यात असा: कूलरच्या मोटरवर १८० वॅट छापलंय, वायंडिंग (मोटरमधली तांब्याच्या तारेची गुंडाळी) मल्टिमीटरवर ४० ओहम दाखवतं, क्लॅम्पमीटर (तारेभोवती अडकवून करंट मोजणारं मीटर) ०.९ अँपिअर. २३० चा वर्ग भागिले ४० केलं तर १,३२२ वॅट येतात, २३० गुणिले ०.९ केलं तर २०७. खरं कोणतं?

दोन्ही नाहीत. १,३२२ तर साफ सोडून द्या. मल्टिमीटर ओहम मोजताना डीसी सोडतो, त्यामुळे त्याला फक्त तांब्याच्या तारेचा रोध दिसतो. मोटर एसीवर फिरते तेव्हा करंटला मुख्य अडवणूक वायंडिंगच्या चुंबकीय क्षेत्राची असते. २३० भागिले ०.९ म्हणजे सुमारे २५६ ओहम, ही झाली इम्पिडन्स, म्हणजे एसी करंटला होणारी एकूण अडवणूक. नुसते ४० ओहम असते तर क्लॅम्पवर ५.७५ अँपिअर दिसले असते.

व्होल्टेजचा वर्ग भागिले रोध हे सूत्र गीझरला चालतं. २,००० वॅटची कॉइल म्हणजे २६.४५ ओहम आणि ८.७ अँपिअर. नवतप्यात (मे अखेरच्या कडक उन्हाच्या नऊ दिवसांत) सगळी वस्ती कूलर लावते आणि व्होल्टेज २०० वर येतं, तेव्हा तीच कॉइल १,५१२ वॅटच देईल. (नवतप्यात गीझर कोण लावतो म्हणा!)

आता २०७. हे व्होल्ट-अँपिअर झाले. वॅट हवे असतील तर पॉवर फॅक्टरने (व्होल्ट-अँपिअरपैकी किती भाग खरे वॅट, त्या प्रमाणाने) गुणावं लागतं, आणि तो मोटरवर बहुतेक छापलेला नसतो. सोपा उपाय घरच्या वीजमीटरवर आहे. फ्रिज, राउटर, सगळं बंद करा. इन्व्हर्टरचं चार्जिंग हमखास विसरतं, तेही काढा. कूलरचा पंपही बंद, नाहीतर त्याचे १५-२० वॅट मिसळतील. मोटर पंधरा मिनिटं चालू द्या, मग लाल दिव्याची एक लुकलुक झाली की घड्याळ सुरू करा आणि पुढच्या दहा मोजा. मीटरवर ३२०० इम्पल्स (म्हणजे लुकलुकी) प्रति युनिट लिहिलं असेल तर एक लुकलुक म्हणजे ३६ लाख ज्यूलच्या एका युनिटचा ३२०० वा भाग, १,१२५ ज्यूल. दहांना ६५ सेकंद लागले तर ११,२५० भागिले ६५, म्हणजे १७३ वॅट. त्याला २०७ ने भागलं की पॉवर फॅक्टर ०.८४.

क्लॅम्प अख्ख्या केबलभोवती लावला तर शून्य दिसेल, कारण फेज आणि न्यूट्रलचा करंट एकमेकांना काटतो. एक्स्टेन्शनचा प्लग काढून वायरचं बाहेरचं आवरण वीतभर सोला, आतलं इन्सुलेशन शाबूत ठेवा, आणि एकटी फेज क्लॅम्पमध्ये घ्या. एक अँपिअरच्या खाली स्वस्त क्लॅम्प चुकतो, म्हणून तीच तार जबड्यातून पाच वेळा फिरवून आकड्याला पाचाने भागा.

मग ४० ओहमचा उपयोग काय? वायंडिंग तपासायला. ओहम नेहमी प्लग काढून, कपॅसिटर डिस्चार्ज करून घ्या आणि आकडा लिहून ठेवा. तांब्याचा रोध अंशाला ०.३९ टक्के वाढतो, म्हणून २५ अंशाला ४० दाखवणारं वायंडिंग ८५ अंशाला ४९ दाखवेल. तो बिघाड नव्हे. थंड मोटरवर त्याच दोन वायरींत ४० चे २८ झाले, तर मात्र आतले वेढे शॉर्ट झालेत. पाती हाताने कितीही मोकळी फिरत असली तरी ती मोटर रिवाइंडिंगलाच द्या.