मोरचुदी रंग म्हणजे मोरपिशीच का? हा शब्द आला कुठून?

नाही, दोन्ही वेगळे. मोर दोन्हीकडे आहे, पण मोरपिशी आला पिसावरून आणि मोरचुदी आला मोरचुदावरून. मोरचूद म्हणजे कॉपर सल्फेट, तांब्याचा क्षार. बाजारात त्याचे निळे खडे मिळतात.

आमची चोपड्याकडे लिंबाची बाग आहे. खोडांना बोर्डो पेस्ट, म्हणजे बुरशीपासून वाचवणारा मोरचूद-चुन्याचा लेप, लावायची तर 1 किलो मोरचूद, 1 किलो चुना आणि 10 लिटर पाणी. मोरचूद रात्रीच प्लॅस्टिकच्या बादलीत भिजत घालतो. लोखंडाची बादली चालत नाही. सकाळी पाणी गर्द निळं झालेलं असतं. त्यात चुन्याची निवळी नव्हे, चुन्याचं चांगलं दाट, दुधासारखं पाणी मिसळलं की रंग फिरतो, निळा मऊ पडतो. मग विळ्याचं पातं घासून त्यात बुडवायचं. पात्यावर तांबूस थर चढला तर चुना कमी पडला, अजून घालायचा. तो थर म्हणजे मोरचुदातलं तांबंच. पेस्ट लावलेली खोडं पुढे कितीतरी दिवस निळसर-हिरवी दिसतात. मोरचुदी म्हटलं की माझ्या डोळ्यांपुढे तीच येतात.

आता शब्दाकडे. संस्कृतात या क्षाराला तुत्थ म्हणतात. अमरकोशात त्याची आणखी नावं आहेत, त्यांत ‘मयूरक’ आणि ‘शिखिग्रीव’. शिखी म्हणजे मोर, ग्रीवा म्हणजे मान. मोराची मान उन्हात पाहिली असेल तर हे नाव किती नेमकं आहे ते सांगायला नको. आमच्या शेजारच्या गुजरातीत याच क्षाराला मोरथूथू म्हणतात; त्यात मोर आणि तुत्थ दोघंही ऐकू येतात. मराठीत मोरचूद. म्हणजे मोराच्या मानेवरून क्षाराला नाव मिळालं आणि क्षारावरून कापडाच्या रंगाला. मला हा उलटसुलट प्रवास फार आवडतो.

माझी आजी अहिराणीत म्हणायची, “मनं मोरचुदी लुगडं काढी दे व माय.” शेजारीच मोरपिशी लुगडं घडी करून ठेवलेलं असायचं, पण आईचा हात कधी चुकला नाही. मोरपिशीत हिरवा आणि जांभळट झाक खेळते. मोरचुदीत आधी निळा दिसतो, हिरवा मागून येतो. दुकानातल्या ट्यूबलाइटखाली हे कळत नाही. कापड दारापाशी उजेडात नेऊन बघा.